फुलमचे आश्रयगृह आणि याकोबाच्या विहिरीवरील स्त्री

शास्त्रपाठ : योहान, अध्याय 4, वचने 1 ते 42



वरील अध्याय आपल्या मंडळ्यांतून वारंवार वाचला जातो, आणि उपदेश बहुधा जिवंत पाण्याच्या वचनापाशी येऊन थांबतो. आज आम्ही तोच अध्याय निराळ्या वाटेने आपल्यापुढे आणीत आहोत. ही वाट लंडन शहराच्या फुलम नावाच्या भागातील एका घरावरून जाते, आणि त्या वाटेने गेलेली विद्यार्थिनी आपल्याच भाषेची होती. पंडिता रमाबाईंचे नाव केडगावच्या मुक्ति मिशनामुळे आपणांपैकी बहुतेकांस ठाऊक आहे. परंतु केडगाव वसविण्याच्या कितीतरी आधी त्यांनी परदेशात काय पाहिले व ते पाहून काय विचारले, हे आपल्या व्यासपीठांवरून फारसे सांगितले जात नाही.

रमाबाई 1883 साली विलायतेस गेल्या. वय पंचवीस वर्षांचे. पती बिपिनबिहारी मेधावी हे आदल्या वर्षी फेब्रुवारीत वारलेले. बरोबर दोन वर्षांची मनोरमा. प्रवासाचा खर्च त्यांनी स्वतः लिहिलेल्या 'स्त्रीधर्मनीति' ह्या पुस्तकाच्या उत्पन्नातून उभा केला होता. जाण्याचा हेतू वैद्यकी शिकण्याचा होता. 1882 साली हंटर साहेबांच्या शिक्षण कमिशनापुढे त्यांनीच साक्ष दिली होती की, ह्या देशातील स्त्रियांस स्त्री-वैद्यांची अत्यंत गरज आहे. पुढे कानांनी नीट ऐकू येईनासे झाल्यामुळे वैद्यकीचा बेत सोडावा लागला. ख्रिस्ती होण्याचा संकल्प करून मात्र त्या निघाल्या नव्हत्या. वाँटेज ह्या गावी कुमारी मरीयेच्या नावाने चालणाऱ्या भगिनीसंघाच्या मठात त्या उतरल्या. हा संघ तेथील पाळक विल्यम बटलर ह्यांनी 1848 साली स्थापिला होता, आणि त्याच्या भगिनी पुण्यातही काम करीत असल्यामुळे रमाबाईंची त्यांच्याशी आधीच ओळख होती.

येथे एक गोष्ट ध्यानात धरली पाहिजे. ही विद्यार्थिनी गरिबी पाहण्याकरिता विलायतेस गेली नव्हती. गरिबी तिच्या अंगावरून गेलेली होती. 1874 पासूनच्या दुष्काळाच्या काळात वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण ही थोड्याच महिन्यांच्या अंतराने गेली. मागे राहिलेली रमा व तिचा भाऊ श्रीनिवास ही दोघे पायी सारा देश फिरली. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीला अंगावर घ्यावयास काही नाही, म्हणून त्या भावंडांनी वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणले, आत निजून डोके तेवढे बाहेर ठेवले व अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. ज्यांच्या वाडवडिलांनी छपन्नाच्या दुष्काळाच्या कथा चुलीपाशी सांगितल्या आहेत, त्यांना ह्यावर आम्ही अधिक काय सांगावे? श्रीनिवास 1880 साली वारला. तेव्हा पोट रिकामे असणे म्हणजे काय, हे रमाबाईंस कोणा भगिनीने शिकविण्याची गरज नव्हती.

अशी स्त्री एके दिवशी फुलमला नेली गेली. तेथे ह्या भगिनींची एक शाखा होती. रस्त्यावर देह विकून जगणाऱ्या, फसविल्या गेलेल्या, घरच्यांनी टाकलेल्या स्त्रियांच्या उद्धाराचे काम तेथे चाले. लंडन म्हणजे त्या काळी जगातील सर्वांत श्रीमंत नगर. आपल्या खेड्यांतून अशी समजूत असे की, साहेबाच्या मुलखात कोणी उपाशी नाही व कोणी उघडे नाही. ती समजूत त्या घराच्या उंबऱ्यावरच गळून पडावी अशी स्थिती होती. अन्न त्या नगरात होते, वस्त्र होते, दिवे होते, देवळेही होती. आणि त्या सर्वांच्या मधोमध अशा बाया होत्या की, ज्यांना रात्री दार उघडणारे एकही माणूस उरले नव्हते. झेलमच्या काठी रमेजवळ काही नव्हते, पण भाऊ होता. फुलमच्या बायांची गरिबी ह्या एका गोष्टीने तिच्याहून खोल होती.

त्या काळी इंग्लंडात अशी घरे पुष्कळ होती. त्यांतील शिस्त कडक असे. कपडे धुणे, शिवण, प्रार्थना, ठरल्या वेळी उठणे व निजणे, आणि बहुधा दोन वर्षांचा मुक्काम. ह्या शिस्तीस आता कोणी नावे ठेवितात, व ती सगळीच अस्थानी आहेत असे आम्हांस वाटत नाही. दया करणाऱ्यांसही कुलपांची आवड लवकर सुटत नाही. पण रमाबाईंच्या मनात जे ठसले ते निराळे होते. पूर्वी ह्याच आश्रयाला आलेल्या काही स्त्रिया त्यांना तेथे भेटल्या. त्यांचे अंतःकरण इतके पालटले होते की, आता त्याच आजाऱ्यांची व दुर्बलांची सेवा करीत होत्या. ज्यांना कोणी हात लावीत नव्हते त्यांचेच हात आता दुसऱ्याच्या जखमा धूत होते. असे काही रमाबाईंनी आपल्या देशात पाहिले नव्हते, ऐकलेही नव्हते.

अशा ठिकाणी पाहुणा काय विचारतो? आपल्या मिशनच्या बोर्डिंगात किंवा दवाखान्यात येणारे पाहुणे पहा. पहिला प्रश्न असतो, पैसा कोठून येतो? दुसरा, किती माणसे आहेत? तिसरा, हळू आवाजात, ह्यात तुम्हांला काय मिळते? रमाबाईंनी आपल्या शिक्षिका भगिनीस ह्यांतले काहीच विचारले नाही. त्यांनी विचारले की, अशा स्त्रियांची काळजी वाहावी व त्यांस परत माणसांत आणावे, अशी बुद्धी ख्रिस्ती लोकांस कशामुळे होते? त्या भगिनीने उत्तरादाखल व्याख्यान दिले नाही. योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय उघडून शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखविली. ती ऐकून रमाबाईंस असे प्रतीत झाले की, हाच खरोखर तारणारा आहे, आणि आपल्या देशातील व सर्व देशांतील तुडविलेल्या स्त्रियांस वर उचलणारा दुसरा कोणी नाही. पुढे नेहेम्या गोऱ्हे ह्यांचे पुस्तक वाचून त्यांच्या बुद्धीचेही समाधान झाले, आणि 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

आता आपण त्या विहिरीपाशी जाऊ.

दुपारची वेळ. प्रभू चालून थकलेला, विहिरीच्या काठावर बसलेला. शिष्य गावात अन्न विकत घेण्यास गेलेले. विहीर खोल, आणि ह्याच्याजवळ पोहरा नाही. इतक्यात घागर घेऊन एक बाई येते, व तो तिच्यापाशी पिण्यास पाणी मागतो. ह्यात एवढे नवल काय, असे शहरातील एखाद्या वाचकास वाटेल. आपल्या वाचकांस तसे वाटणार नाही. कोणी कोणाच्या हातचे पाणी घ्यावयाचे व कोणी घ्यावयाचे नाही, हा धडा आपल्या वाडवडिलांस अक्षरओळखीच्या आधी मिळत असे. गावच्या विहिरीपासून दूर उभे राहून, कोणी वरून ओतील तेव्हा ओंजळीने प्यावयाचे. 20 मार्च 1927 रोजी महाड येथे डॉक्टर आंबेडकरांनी व त्यांच्याबरोबरच्या हजारो लोकांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले, आणि त्याबद्दल त्यांना मार खावा लागला. तेव्हा यहूदी मनुष्याने शोमरोनी बाईच्या घागरीतले पाणी मागितले ह्याचा अर्थ आपल्या मंडळीतील निरक्षर आजीसही टीकेवाचून कळतो. ती बाई स्वतःही चकित होऊन तेच विचारते की, तू यहूदी, मी शोमरोनी, आणि माझ्या हातचे पाणी मागतोस?

मग तिच्या पाच पतींची गोष्ट निघते. येथे उपदेशकांनी जरा सांभाळून बोलावे अशी आमची विनंती आहे. ती वेश्या होती असे शुभवर्तमान कोठेही म्हणत नाही. तिला पाच पती झाले होते, व सध्या जो होता तो तिचा पती नव्हता, इतकेच तेथे लिहिले आहे. पाच जण मेले असतील. काहींनी तिला सोडचिठ्ठी दिली असेल, आणि सोडचिठ्ठी देण्याचा अधिकार त्या काळी पुरुषाच्या हाती असे. आपल्याकडे जिचा एक नवरा मरतो तिला पांढऱ्या पायाची म्हणतात. पाच गेले असते तर काय म्हटले असते? सहाव्याने तिला लग्नावाचून ठेवले ह्यात तिचा दोष किती व त्याचा किती, हे प्रभूस ठाऊक होते. आपणांस ते ठाऊक असल्यासारखे व्यासपीठावरून बोलू नये.

पण आमचा मुख्य मुद्दा क्रमाचा आहे. सातव्या वचनात प्रभू तिच्याजवळ पाणी मागतो. तिच्या घरच्या गोष्टीस तो सोळाव्या वचनात हात घालतो. मध्ये किती बोलणे झाले! पाण्याविषयी, तहानेविषयी, देव काय देतो त्याविषयी. त्याने तिचे जीवन झाकून ठेविले नाही. आहे तसे सांगितले. परंतु सांगितले ते आधी तिच्या हातचे पाणी मागून. आपल्या मंडळ्यांच्या पंचसभा सोळाव्या वचनापासून आरंभ करितात.

आमच्या पाहण्यातील एका खेड्यातील गोष्ट सांगतो. नाव-गाव सांगण्याचे प्रयोजन नाही. पंधरा-वीस घरांची मंडळी. त्यांत एक तरुण विधवा होती, तिला दिवस गेले. पंच जमले, आणि अर्ध्या घटकेत तिचे नाव वहीतून काढून तिला प्रभुभोजनापासून दूर ठेवण्याचा ठराव झाला. ज्या पुरुषाचे नाव साऱ्या वस्तीस ठाऊक होते तो मागल्या ओळीत बसला होता. त्याचे नाव निघाले नाही. दर कापणीस त्याची वर्गणी चांगली येई. ठराव झाला, प्रार्थना झाली, लोक उठू लागले, तेव्हा सुवार्तिकाची बायको दाराशी उभी होती ती म्हणाली, "ही आज रात्री निजणार कोठे?" दीर तिला घरात घेत नव्हते. माहेर उरले नव्हते. कोणी उत्तर दिले नाही. त्या बाईने तिला आपल्या दोन खणांच्या घरात नेले. पुढे तीन महिने वस्तीतील बायांनी त्या घरच्या माठातले पाणी घेतले नाही. ज्यांच्या आज्या ओंजळीने पाणी पीत आल्या त्याच ह्या बाया! मूल झाले, त्याचा बाप्तिस्मा झाला, बाळाला पाहावयास एकेक जण येऊ लागली, आणि मग पाणीही सुरू झाले. त्या सभेस आम्ही नव्हतो. पुढे त्या गावी गेलो तेव्हा त्या बहिणीने हे सांगितले, आणि तेही आम्ही विचारले म्हणून.

शिस्त नको असे आम्ही म्हणत नाही. जी मंडळी पापास पाप म्हणत नाही ती फार दिवस मंडळी राहत नाही. पण जी शिस्त बाईला गाठते व पुरुषास ओळखत नाही, आणि जी नाव काढते पण निजावयास जागा देत नाही, तिला ख्रिस्ती शिस्त म्हणण्यास आमची जीभ वळत नाही.

येथे कोणी म्हणेल की, हा जुन्या धर्माचा अवशेष आहे. आपल्या लोकांत तो मागून आला. रमाबाईंनी खरोखरच लिहिले आहे की, व्यभिचारिणीस राजाने कुत्र्यांकडून खाववावे अशी आज्ञा हिंदूंच्या स्मृतीत आहे, आणि ती मनुस्मृतीत आहेही. पण दुसऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वी आपले पुस्तक उघडावे. मोशेच्या नियमशास्त्रात अशा अपराधास मरणाचीच शिक्षा सांगितली आहे, आणि प्रभूपुढे एका बाईला उभी करून हातांत धोंडे घेऊन आलेले लोक शास्त्र जाणणारे होते. त्यांनीही पुरुषास आणिले नव्हते. बरे, इंग्लंडास ख्रिस्ती होऊन हजाराहून अधिक वर्षे झाली होती; तेथे काय होते? रमाबाई तेथे गेल्या त्याआधी, 1864 पासून, तेथील पार्लमेंटाने असे कायदे केले होते की, लष्करी छावण्यांच्या गावांत पोलिसाने संशय घेतलेल्या स्त्रीस धरून तिची सक्तीने तपासणी करावी. तिच्याकडे जाणाऱ्या शिपायास मात्र कोणी विचारू नये. जोसेफाइन बटलर ह्या ख्रिस्ती बाईने वर्षानुवर्षे झगडून ते कायदे 1886 साली रद्द करविले. (वाँटेजच्या बटलर पाळकांशी नावाचे साम्य आहे इतकेच.) तसाच कायदा आपल्या देशात 1868 साली लागू केला होता, तो 1888 मध्ये गेला. तेव्हा ख्रिस्ती राष्ट्र म्हणविल्याने दया आपोआप येत नाही. फुलमचे घर आणि तो कायदा ही दोन्ही एकाच देशात, एकाच राणीच्या राज्यात होती. रमाबाईंनी देशाचे अनुकरण केले नाही. त्या घरात जी गोष्ट वाचली गेली तिच्यामागे त्या गेल्या.

आणि गेल्या त्या मान खाली घालून नव्हे. हे सुवार्तिक बंधूंकरिता मुद्दाम लिहितो. ज्या भगिनींनी त्यांना आसरा दिला त्यांच्याशीच रमाबाईंनी धर्ममतांवर, चर्चच्या अधिकारावर, मनोरमेच्या शिक्षणावर पत्रांतून निकराने वाद घातला. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, असेही विचारले. पांढरे लुगडे व शाकाहार त्यांनी सोडला नाही. जो अन्न देतो त्याचे आभार मानावेत. त्याला आपली विवेकबुद्धी गहाण देऊ नये. आपल्यातील पुष्कळांस मिशनचे अन्न लागले आहे, व त्यांपैकी काहींस ह्या दोहोंतील भेद कधीच कोणी सांगितला नाही.

आणखी एक. बाप्तिस्मा होताच सर्व उमगले असे त्यांनीही म्हटले नाही. ख्रिस्ताचा धर्म आपणांस त्या वेळी मिळाला, परंतु ख्रिस्त स्वतः भेटला तो पुढे आठ वर्षांनी, अशी साक्ष त्यांनी दिली आहे. ज्या मंडळीत बाप्तिस्म्यानंतर तिसऱ्या महिन्यास नवशिक्याची परीक्षा पाहून निराशेची पत्रे आम्हांस लिहिली जातात, तिने हे वाचावे.

फुलमला जे पाहिले त्याचे पुढे काय झाले, हे आपणांस ठाऊक आहे. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदासदन निघाले. दुसऱ्या वर्षी ते पुण्यास आले. त्यावर केवढा गहजब झाला, किती पालकांनी मुली काढून नेल्या! मग 1896-97 चा दुष्काळ पडला. रमाबाई मध्यप्रांतात जाऊन उपाशी मुली व विधवा शोधून घेऊन आल्या, व केडगावच्या माळावर मुक्तिसदन उभे राहिले. तेथेच पुढे कृपासदन नावाचे एक निराळे घर झाले, आणि ते फुलमच्या बायांसारख्याच बायांकरिता होते. शिकलेली विधवा घेण्यास पुढे कितीतरी सुधारक झाले. कृपासदनातील बाईस जवळ करणारे थोडे होते. रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजी केडगावीच प्रभूकडे गेल्या.

परंतु प्रत्येक खेड्याजवळ केडगाव नाही, व असण्याची गरजही नाही. कित्येक पाळक व पंच अशी बाई दिसली की मोठ्या संस्थेस चिठ्ठी लिहून मोकळे होतात. चिठ्ठी लिहावी, कोठे कोठे तोच मार्ग योग्य असतो, विशेषतः घरी मारहाणीचे भय असेल तेथे. पण चिठ्ठीचे उत्तर येईपर्यंत मधल्या रात्री असतात. विहिरीवर प्रभूने त्या स्त्रीस कोठेही पाठविले नाही. घागर तेथेच टाकून ती आपण होऊन गावात गेली व त्याच्याविषयी सांगू लागली. आणि गावकऱ्यांनी विनविले तेव्हा तो दोन दिवस त्यांच्यात राहिला. दोन दिवस शोमरोन्यांच्या घरी राहिला म्हणजे त्यांचे अन्न खाल्ले, त्यांचे पाणी प्याला, त्यांच्या ओट्यावर निजला. ह्या चाळिसाव्या वचनावर आम्ही फार थोडे उपदेश ऐकले आहेत.

तेव्हा सुवार्तिक बंधूंनो, येत्या रविवारी हा अध्याय बेचाळिसाव्या वचनापर्यंत पुरता वाचावा. वाचताना सातवे आणि सोळावे वचन लोकांस बोटाने दाखवावे. पंचांनी वहीतून कोणाचे नाव काढण्याचा विचार केला तर त्याच सभेत तीन गोष्टी लिहून घ्याव्यात : ती कोणाच्या घरी राहील, तिच्याकडे कोण जाईल-येईल, आणि पुरुष कोण. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत ठरावावर सही करू नये. बायबलबाईंनी तिच्या घरी जावे तेव्हा प्रथम पाणी मागावे. आणि बहिणी दररोज भाकरीच्या पिठातून मूठ काढून ठेवितात, त्या मूठदाण्यातून महिन्याकाठी चार पायली धान्य मंडळीने अशा घराकरिता बाजूस काढावे. ते कोणाकडे गेले हे वहीत लिहू नये, सुवार्तिकाच्या बायकोस माहीत असले म्हणजे पुरे.